मोठ्या सिस्टरचे हात

नव्या मालकांनी हॉस्पिटल विकत घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता जुनी मशीन्स जातील आणि गळकं छत दुरुस्त होईल. छत गळतच राहिलं. पडदे मात्र बदलले, आणि आले हसरे साहेब.

साहेबांचं हे नाव नर्सेसनी ठेवलेलं. हॉस्पिटलात पाऊल टाकल्या टाकल्या पेशंटला प्रसन्न वाटलं पाहिजे, हे बघण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. त्यासाठी रोज सकाळी सात वाजता ते नर्सेसना ओळीत उभं करून "हसा, जरा हसा" म्हणत. स्वतः ते हसलेले मात्र कुणी पाहिले नव्हते. त्यांच्या दातांना हवा लागू द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, असं डायलिसिसमधली धाकटी सिस्टर म्हणायची. ओळीपुढून चालताना ते नखं बघत, केस बघत, बूट बघत. एकीला त्यांनी सांगितलं की तुमचं पोट गणवेशातून पुढे येतंय. पोट कुठे ठेवून यायचं ते काही सांगितलं नाही.

मोठी सिस्टर त्या ओळीत शेवटची उभी राही. डायलिसिस वॉर्डात तिला बावीस वर्षं झाली होती. मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं तिथे आठवड्यातून तीनदा येत, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहत आणि धुतलेलं रक्त अंगात घेऊन घरी जात. दर वेळी हातात दोन जाड सुया टोचाव्या लागतात. सुई टोचण्यात मोठ्या सिस्टरचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि हात धुण्याच्या बाबतीत तर ती अगदी खाष्ट होती. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना साबण लावून चाळीस सेकंद हात चोळायचे, मग हातमोजे घालायचे. ज्याने हे केलं नाही त्याला ती पलंगाजवळ फिरकू देत नसे, मग तो डॉक्टर का असेना. नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगायची, "मी विसरले तर मलाही टोकायचं. लाजायचं नाही. इथे लाजलं की माणूस मरतो."

सहा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताच्या बोटावर एक पांढरा ठिपका उमटला. कोड होतं ते. बघता बघता दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे झाले, मध्येमध्ये मूळच्या सावळ्या रंगाची बेटं राहिली. पहिलं वर्ष तिने रडून काढलं. नंतर रडायला वेळ मिळेना. पेशंटनाही सवय झाली. घड्याळकाका तर तिला चिडवायचे, "सिस्टर, अर्ध्या गोऱ्या झालात. उरलेल्या कधी होणार? आम्ही असेपर्यंत आटपा."

घड्याळकाकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती आणि आता अकरा वर्षं ते पाच नंबरच्या पलंगावर येत होते. त्यांच्या डाव्या हातात ऑपरेशन करून एक शीर धमनीला जोडली होती, ती फुगून जाड झाली होती. सुया तिथेच टोचायच्या. उजव्या हाताची तशीच शीर कधीच बंद पडली होती. "तिसरा हात द्यायला देव विसरला," असं काका म्हणत. राहिलेली शीर भलतीच वाकडी, कातडीखाली कुठे वळेल सांगता येत नसे. मोठी सिस्टर धुतलेलं उघडं बोट त्या शिरेवर ठेवून आतलं रक्त कुठून धावतंय ते चाचपायची, मग हातमोजे चढवून सुई घालायची. पहिल्या फटक्यात. दुसऱ्या कुणी प्रयत्न केला की काकांचा हात दोन दिवस काळानिळा.

एका गुरुवारी हसऱ्या साहेबांनी तिला खोलीत बोलावलं.

"बसा. तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. असं कुणी म्हटलं की समजावं, कामाशिवाय दुसरं काहीतरी निघणार आहे. "एका पेशंटच्या नातेवाइकांची तक्रार आलीय. तुमच्या हातांबद्दल."

"कोड आहे, साहेब. कुणाला लागत नाही ते."

"अहो, ते मला कळतं. मी शिकलेला माणूस आहे. पण दिसतं ना. लोक बघतात. तुम्ही पूर्ण बाह्यांचा गणवेश घाला."

"सुई टोचताना कोपरापर्यंत हात उघडेच ठेवावे लागतात. बाहीतून जंतू जातात. नियमच आहे तसा."

"मग लावा काहीतरी. आता बायकांना हे मी सांगायचं का?" साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. त्यावर 'कर्मचाऱ्यांनी नीटनेटके व प्रसन्न दिसावे' एवढंच होतं. "नाहीतर मागे हत्यारं उकळायच्या खोलीत एक जागा आहे. तिथे बघायला कुणी येत नाही. सोमवारपर्यंत बघा काय ते."

"पाच नंबरच्या काकांची शीर माझ्याशिवाय कुणाला सापडत नाही, साहेब."

"शिकवा की कुणाला तरी," साहेब म्हणाले. आवाज अगदी मऊ होता.

तिथून ती तडक मेट्रनबाईंकडे गेली. दोघी एकाच वर्षी कामाला लागलेल्या, एकटं असताना अगं-तुगं करणाऱ्या. मेट्रनबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाल्या, "अगं, माझी दोन वर्षं राहिलीत. मला मध्ये घालू नकोस. आणि थोडं काही लावलंस तर काय तुझं सोनं झडणार आहे का?"

घरी नवऱ्यालाही तेच वाटलं. तो शाळेची बस चालवायचा, दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी आला की त्याला कुठलाच वाद नको असे. "त्यांनी तुला कामावरून काढलेलं नाही ना? मग दे सोडून," तो म्हणाला. तिला राग आला, पण तो तिच्या बाजूने बोलतोय असंच त्याला वाटत होतं, त्यामुळे भांडताही येईना.

मुलगी मात्र पर्स उचलून बाहेर गेली आणि दिवेलागणीला एक लहानशी बाटली घेऊन आली.

"आई, तीन दुकानं पालथी घातली. तुझ्या रंगाशी जुळणारी ही एकच मिळाली." तिने आईचे हात मांडीवर घेतले आणि बोटाबोटाला, पेरापेराला ते क्रीम लावत बसली. लहानपणी आई तिच्या पायांना तेल चोळायची, तसं निगुतीने. दहा मिनिटं वाळू दिलं. मग म्हणाली, "बघ."

मोठ्या सिस्टरने बघितलं. सहा वर्षांपूर्वीचे हात होते ते. नवरा डोकावून म्हणाला, "वा! लग्नातले हात परत आले." ती हसली. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. मनाच्या कोपऱ्यात तिला त्या हातांची आठवण येतच होती, आणि ती आठवण आपल्याला येते याचीच तिला लाज वाटत आली होती.

सोमवारी ओळीपुढून जाताना साहेब तिच्याजवळ थांबले, हात बघितले आणि मान डोलावून पुढे गेले. घड्याळकाका म्हणाले, "सिस्टर, रंगारी लावलात वाटतं घराला?" सगळा वॉर्ड हसला. तीही हसली, बेसिनकडे गेली, हात धुतले, आणि पांढऱ्या बेसिनमधून तपकिरी पाणी वाहून गेलं.

आठ पलंग, दोन पाळ्या. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस वेळा हात धुणं. दर धुण्यानंतर क्रीम लावायचं तर दहा मिनिटं वाळवत बसायला हवं, आणि ओलं क्रीम घेऊन पेशंटला हात लावता येत नाही. पहिल्या आठवड्यात तिने ठरवलं की सकाळच्या ओळीआधी आणि पाळी बदलताना लावायचं, मधल्या वेळात हात दिसले तर दिसले. बुधवारी साहेबांनी दारातूनच बघितलं आणि संध्याकाळी मेट्रनबाईंकडून निरोप आला. मग तिने साबण कमी घ्यायला सुरुवात केली. मग चाळीस सेकंदांचे दहा झाले. मग नुसतंच बोटांच्या टोकांवर पाणी. हातमोजे तर घालतेच ना मी, असं ती स्वतःला समजावायची. हातमोज्यांच्या भरवशावर राहणाऱ्या किती मुलींना तिने याच बेसिनपाशी रडवलं होतं! एका दिवसात कुणी बिघडत नाही. महिना लागला तिला.

महिन्यानंतरच्या एका बुधवारी मालकांचे पाहुणे वॉर्ड बघायला यायचे होते. साहेब सकाळपासून पायाला चाकं लावल्यासारखे फिरत होते. तीन नंबरच्या बाईंची जखम चिघळली होती, मोठ्या सिस्टरने तिची पट्टी सोडली, नवी बांधली, हातमोजे काढून टाकले. तेवढ्यात बाहेर पाहुण्यांचा आवाज आला. पाच नंबरवर घड्याळकाका हात पसरून वाट बघत होते. तिने बेसिनकडे बघितलं, आपल्या हातांकडे बघितलं. क्रीम सकाळी लावलेलं, एकसारखं बसलेलं. ती सरळ पाच नंबरकडे गेली आणि उघडं बोट काकांच्या शिरेवर ठेवलं.

"मोठ्या सिस्टर," धाकटी मागून हळूच म्हणाली. धाकटी तिच्याच हाताखाली तयार झालेली, तेवीस वर्षांची, तोंडाळ पण कामाला चोख. "हात..."

"धुतलेत मी," मोठी सिस्टर म्हणाली.

धाकटीने कोरड्या बेसिनकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग कानापर्यंत लाल होऊन "सॉरी" म्हणाली आणि औषधाची ट्रॉली पुसायला लागली. पाहुणे आत आले. साहेबांनी ओळख करून दिली, "या आमच्या सगळ्यात अनुभवी सिस्टर." मोठ्या सिस्टरने काकांचा हात औषधाने पुसला, हातमोजे चढवले, सुई घातली. पहिल्या फटक्यात.

शुक्रवारी काका आले ते हुडहुडी भरूनच. हात कोपरापासून सुजून लाल झाला होता. रक्तात जंतू गेले होते. सहा दिवस ते वरच्या मजल्यावर तापाने फणफणत होते, जगतात की नाही अशी अवस्था. जगले. पण शीर गेली. आतल्या आत रक्त गोठून कायमची बंद झाली. आता छातीतून नळी घातली, आणि असली नळी काही वर्षानुवर्षं चालत नाही, हे काकांनाही माहीत होतं आणि मोठ्या सिस्टरलाही.

"होतं असं," डॉक्टर तिला म्हणाले. "वर्षातून एक-दोघांना होतंच. कुठून आलं कोण सांगणार? तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

तिने मूग गिळून गप्प बसायचं ठरवलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. धाकटीही काही बोलली नव्हती. बोलत नव्हती एवढंच नाही, ती मोठ्या सिस्टरशी नजरच मिळवत नव्हती. दोन दिवस मोठी सिस्टर जेवणाचा डबा तसाच घरी परत नेत राहिली. तिसऱ्या दिवशी कामावर येताच तिने वॉर्डातलं चुकांचं रजिस्टर काढलं. त्या रजिस्टरमध्ये प्रत्येकाने आपली चूक आपणच लिहायची, ही पद्धत तिनेच पाडली होती. तिने तारीख घातली, पलंग नंबर घातला आणि लिहिलं, 'हाताला लावलेले क्रीम जाऊ नये म्हणून हात धुतले नाहीत. टोकल्यावर खोटे बोलले.' खाली सही केली.

चौकशीला साहेब होते आणि मेट्रनबाई होत्या.

"क्रीम?" साहेब म्हणाले. "कसलं क्रीम? तुम्हाला कुणी क्रीम लावायला सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात, साहेब. काहीतरी लावा म्हणून."

"मी सुचवलं असेल. एक माणूस म्हणून. हात धुऊ नका असं सांगितलं का मी?" त्यांनी तोच कागद पुढे सरकवला. "यात क्रीम लिहिलंय का कुठे? दाखवा."

कुठेच नव्हतं. तिने मेट्रनबाईंकडे बघितलं. मेट्रनबाई पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या.

"आणि खरं सांगू का," साहेब म्हणाले, "बावीस वर्षांच्या सिस्टरने हात धुवायचं टाळावं, हे मला पटतच नाही. धुतले असते आणि हात दिसले असते, तर काय झालं असतं फार फार तर? मागच्या खोलीत गेला असतात."

बाकीचं सगळं त्या माणसाने काखा वर करून झटकलं होतं, पण एवढं एक वाक्य त्याचं खरं होतं. तेवढ्यानेच ती गारद झाली. तिला ओरडायचं होतं, टेबल उलटं करायचं होतं, पण काकांचा सुजलेला हात तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. निकालाच्या कागदावर 'हातांच्या स्वच्छतेचा नियम मोडला, खोटी माहिती दिली' असं आलं. क्रीमचा उल्लेख आला नाही. तिला पेशंटांपासून दूर, मागच्या खोलीत पाठवलं. मेट्रनबाईंनी सही केली आणि बाहेर आल्यावर तिच्या खांद्यावर हात ठेवला. मोठ्या सिस्टरने तो खांद्यावरून काढला.

घरी मुलीला तिने निम्मंच सांगितलं. बदली झाली म्हणाली. पण मुलगी काही कुकुलं बाळ नव्हती. तिने ती बाटली कचऱ्यात टाकली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नवरा जेवताना दोनदा काहीतरी बोलायला गेला आणि दोन्ही वेळा "वाढ थोडं" एवढंच म्हणाला.

काका खाली वॉर्डात परत आले तेव्हा ती त्यांना भेटायला गेली. हातांना काही लावलेलं नव्हतं. पलंगाजवळ काकांची सून बसली होती, अकरा वर्षं सासऱ्यांना न चुकता घेऊन येणारी, कमी बोलणारी बाई. तिला बघताच सून उठून उभी राहिली आणि पलंगाच्या आड आली.

"मी बाबांना तेव्हाच म्हटलं होतं," सून म्हणाली. "तुमच्या हातावरचं लागतं म्हणून. तक्रार मीच केली होती. ऐकतंय कोण!"

"ताई, कोड लागत नाही," मोठी सिस्टर म्हणाली. "कोडामुळे नाही झालं हे. मी हात धुतले नव्हते. माझी चूक झाली. तेच सांगायला आलेय."

"म्हणजे तुमच्याच हातांमुळे ना?"

मोठ्या सिस्टरने तोंड उघडलं. कोड वेगळं, जंतू वेगळे, क्रीम वेगळं, हे सगळं तिला नीट समजावून सांगता आलं असतं. वॉर्डातल्या अडाण्यातल्या अडाण्याला तिने याहून अवघड गोष्टी समजावल्या होत्या. पण सुनेच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती, आणि ती बाई चुकीचंही बोलत नव्हती.

"हो," ती म्हणाली.

काकांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते, पापण्या हलत होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत, तेव्हा ती निघून आली.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. दिवसभर वाफ, पत्र्याचे ट्रे, चिमटे, कात्र्या. तिथे ती दिवसातून कितीही वेळा हात धुवायची, चाळीसचे साठ सेकंद करायची, आणि कुणाला त्याचं काही पडलेलं नव्हतं. पंधरवड्याने फळ्यावर नवी सूचना लागली. अलीकडे घडलेल्या घटनेमुळे, त्वचेवर डाग, व्रण किंवा विकार असणाऱ्या कर्मचाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत आपली नावं कार्यालयात द्यावीत, त्यांना पेशंटच्या कामातून मोकळं करण्यात येईल. खाली साहेबांची सही. तिने ती सूचना उभ्याने तीनदा वाचली. आपण खरं लिहिलं म्हणून हे झालं, हे तिला स्वच्छ कळलं, आणि त्यावर करण्यासारखं काही नाही हेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी मागच्या खोलीत आली. पाहुण्यांच्या त्या बुधवारनंतर पहिल्यांदाच. ट्रे घ्यायला आल्यासारखं दाखवत ती दारापाशी घुटमळली, मग आत येऊन दार लोटलं. तिच्या डाव्या मनगटावर लहानपणी भाजल्याचा डाग होता, बोटभर, जुना. तीन वर्षं शेजारी उभं राहून काम केलं, पण मोठ्या सिस्टरच्या लेखी तो कधी डाग नव्हताच.

"मोठ्या सिस्टर," धाकटी म्हणाली, "ते क्रीम कुठे मिळतं?"

"नको लावूस. हात धुता येत नाहीत त्याने."

"मी धुवेन ना. दर वेळी धुवेन आणि परत लावेन." तिने डावं मनगट उजव्या हाताने झाकलं. "मी नाही तुमच्यासारखं करणार."

मोठ्या सिस्टरला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. नाव देऊन टाक कार्यालयात, ये इथे, वाफेत उकडून मर पण ते लावू नकोस, असं ओरडावंसं वाटलं. धाकटीच्या पगारावर आई आणि दोन भाऊ होते. पेशंट आता तिलाच हाक मारत. मागच्या खोलीत दुसरी जागाही नव्हती.

"चौकातल्या औषधाच्या दुकानाच्या शेजारी," ती म्हणाली. "सात वाजता बंद होतं. लवकर जा."